शस्त्रक्रिया

"मोबाइल उघडणं म्हणजे हृदयाचं ऑपरेशन. इथे हात हलून चालत नाही," असं बजावून संकेतने विरारच्या आपल्या दुकानात रेजिनामावशींच्या मोबाइलचं झाकण काढलं, आणि आतल्या भुकटीने तो सणसणीत शिंकला.

"पाण्यात पडला होता?"

"पान्यात नाय रे. वालत घातलेल्या जवल्यात."

दोन दिवस मावशींना व्हिडिओ कॉलवर लेक नुसती डोळे पुसताना दिसायची, आवाज येत नव्हता. 'लिहून नाही, शेजारणीच्या फोनवरही नाही, तुझ्याच कानात सांगेन,' एवढाच तिचा मेसेज. अर्नाळ्याहून मावशी जेवण टाकून आल्या होत्या.

संकेतने स्पीकरच्या जाळीतून चिमट्याने जवळ्याच्या, त्या इवल्याशा सुक्या कोळंबीच्या, एकेक मिशा उपटल्या, ब्रश फिरवला, झाकण बसवलं आणि कॉल लावला.

"आई, तू आजी होणार!" लेकीचा आवाज दुकानभर घुमला. "आणि काही म्हणजे काही खावंसं वाटत नाही गं. फक्त तुझा सुका जवळा हवाय."

गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. खूश होऊन संकेत टेबल झाडायला लागला, तसा मावशींनी त्याचा हात धरला.

"सांडू नको रे बाला. तेवढा पुडीत बांधून दे."