सहा महिने आधी

शालनताई गच्चीवर कुरडया उलटत असताना स्कॉटलंडहून लेकीचा, सुमेधाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्यामागे धुक्यात समुद्र विरघळत चालला होता.

"आई, नियम बदलला. शिक्षणानंतर इथे राहून नोकरी करायला दोन वर्षं मिळायची, आता दीडच मिळणार."

शालनताईंना एकदम हलकं वाटलं. सहा महिने आधीच लेक त्यांना घरभर अनवाणी फिरताना दिसू लागली. मग स्वतःचीच लाज वाटली. पोरीने तिथल्या नोकरीसाठी केवढी धडपड केली होती.

"आई, तू हसतेयस?"

"हो गं. चुकलंच माझं."

सुमेधाने मागे वळून धुक्याकडे पाहिलं.

"मलाही बातमी ऐकून आधी बरंच वाटलं," ती म्हणाली. "म्हणून तर कालपासून रडतेय."