पिंपरडोहची हजेरी

पिंपरडोह मोकळं झालं, असं आमदार श्रावणराव गोहणे यांनी रविवारी भोंग्यावरून जाहीर केलं. सोमवारी सकाळच्या चहापासून त्यांनी असं काही जाहीर केलंच नव्हतं.

रविवारी मात्र साहेब भलतेच खुशीत होते. एकसष्टच्या पावसाळ्यात मुकुटबनच्या बाजूला पटकीची साथ आली, तशी सरकारनं नाल्यापलीकडची ही वस्ती बंद केली. सरकारचं अर्धं काम नाल्यानंच केलं. तो दुथडी भरून वाहत होता आणि पूल पुढच्या पंचवार्षिक योजनेत होता. सहा आठवडे कोणी दगावलं नाही तर वस्ती मोकळी करायची, असा हुकूम होता. आज सहावा रविवार. पुढं निवडणूक. ‘माझ्या मतदारसंघात एकही माणूस गेला नाही’ हे वाक्य साहेबांनी वणीच्या सभेसाठी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. त्याला टाळ्या पडणार, याबद्दल आरशाचंही दुमत नव्हतं.

जीप बशीर चालवत असे. भोंगाही त्याचाच. एरवी तो वणीत मोटारी दुरुस्त करी आणि लग्नसराईत भोंगा लावी.

दर रविवारी साहेब काठावर उभे राहून मतदारयादी वाचत. एक्केचाळीस नावं. पाण्याच्या आवाजात पलीकडून कोणाचं काही ऐकू येत नसे. ऐकू येई तो फक्त उकंडा कोतवालाचा आवाज. दवंडी देऊन देऊन त्याचा गळा तयार झाला होता. आधीची तीन पोरं गेली म्हणून आईनं याचं नाव उकंडा ठेवलं होतं. कचरा समजून तरी मरणानं सोडून द्यावं. तर सगळ्यांच्या वतीनं उकंडाच उत्तर देई.

“बाबूसिंग!” साहेबांनी भोंग्यात तोंड घातलं.

“हाय जी! तंबाखू मांगून राह्यला!”

“सुखीबाई, नवरा बाबूसिंग!”

“हाय जी! त्याले देऊ नका म्हणते!”

बशीर खो खो हसला. साहेबही हसले. हसणारा मतदार फुटत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

“पार्बता, नवरा उकंडा!”

पलीकडं उकंडानं एकदा मागं वळून पाहिलं.

“हाय जी! चुलीपाशी हाय. मीठ नाही पाठवलं म्हणून तुमच्यावर रागावली.”

“वहिनींना सांग, रस्ता मोकळा झाला की मिठाचं आख्खं पोतं!”

“सांगतो जी!”

यादी संपली. एक्केचाळीस हजर. साहेबांनी मान ताणून सागांच्या आड दिसणाऱ्या छपरांकडं पाहिलं.

“अरे, आज तरी दोन-चार जणांना काठावर येऊ दे की! आनंदाचा दिवस आहे.”

“गर्दी करू नका म्हणे डागदर! मंग काहून बलावता जी?”

नियम पाळणारा समाज पाहिला की पुढाऱ्याची पंचाईतच होते.

एक काम उरलं होतं. ‘आम्ही सर्व सुखरूप आहोत’ असं सगळ्यांच्या अंगठ्यांसह लिहून घ्यायचं होतं. दोन्ही काठांच्या झाडांना दोर बांधला होता. त्यावरून जवारीचं पोतं पलीकडं जाई. आज पोत्यासोबत कागद, दौत आणि शाईची गादी गेली. उकंडा चौथी शिकलेला होता. तो कागद घेऊन सागांच्या आड गेला आणि तासाभरानं रिकाम्या पोत्यात कागद घालून त्यानं दोर ओढला. साहेबांनी घडी जराशी उघडली, निळे अंगठे दिसले, घडी खिशात गेली.

“पिंपरडोह मोकळं!” साहेब भोंग्यातून गरजले. “पाणी उतरलं की या बाजाराला! आता हजेरी बंद!”

पलीकडून पहिल्यांदाच उत्तर आलं नाही.

“खुशीनं बोबडी वळली वाटते,” बशीर म्हणाला.

सोमवारी सकाळी वणीच्या विश्रामगृहात चहा पिता पिता साहेबांनी कागद तहसीलला पाठवण्यासाठी बाहेर काढला. बशीर शेजारी उभा होता. जन्म पान्यांत आणि नटबोल्टांत गेलेला माणूस. बारीक खूण त्याच्या नजरेतून सुटत नसे. खाली उकंडाची सही होती आणि चाळीस अंगठे. बशीरनं एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग शेवटच्या ओळीत.

“साहेब, या अंगठ्यावर आडवी चीर हाय.”

“बरं मग?”

“याच्यावरबी हाय. साऱ्यायवर हाय. हा एकाच माणसाचा अंगठा हाय, साहेब.”

साहेबांनी कप खाली ठेवला आणि वरचा मजकूर पहिल्यांदाच वाचला.

“मेहेरबान आमदार साहेबांचे सेवेशी. अर्जदार उकंडा कोतवाल, राहणार पिंपरडोह. पहिल्या हजेरीपासून इथं कोणी दगावलं नाही, हे खरं हाय. वस्ती बंद झाली त्याच्या आठ दिवसांत सारं आटपलं होतं. खड्डे मी एकट्यानं खणले. पहिल्या रविवारी तुम्ही पार्बताचं नाव घेतलं आणि माह्या तोंडातून ‘हाय’ निघून गेलं. मंग बाकीच्यांले ‘नाही’ कसं म्हणू? जवारी तशीच पडली हाय, परत न्यावी. एकच अडचण हाय. यादीत लेकरं नाहीत, म्हणून त्यायच्यासाठी एकदाबी ‘हाय’ म्हणता आलं नाही. माही तुळसा, वय सात. माहा दौलत, वय चार. बाबूसिंगचा नातू, वय दीड महिना, नाव ठेवायचं राह्यलं. तरी वयाची अट शिथिल करून सदर तिघांची नावं मतदारयादीत घालावी आणि येत्या रविवारी मोठ्यानं वाचावी, ही नम्र विनंती.”