शेवटपर्यंत टिकलेले

"सगळ्यात वर माझं नाव, वहिनी. आणि अक्षर जरा ठसठशीत," दौलतराव म्हणाले.

तुळसानं लाकूड जाळायचं विजेचं पेन तापत ठेवलं होतं. समोर सात फुटी सागवानी फळी, पाडलेल्या चाळीच्या जिन्यातून वाचलेली. लालबागच्या त्याच जागेवर आता बावीस मजली टॉवर होता, दौलतराव त्याचे चेअरमन होते आणि फळी लॉबीत लागायची होती. मथळा तिनं सकाळीच जाळून काढला होता : 'गिरणी संपात शेवटपर्यंत टिकलेले'.

शेवटपर्यंत म्हणे. संपाच्या सहाव्या महिन्यात हा गडी ताडपत्रीखाली अंग चोरून, गिरणीच्या लॉरीतून कामावर गेला होता. तुळसाचा नवरा रघू मात्र अखेरपर्यंत गेटबाहेर राहिला आणि पुढे भायखळ्याच्या बाजारात कांद्याची पोती वाहता वाहता गेला. काही माणसं लाज कोळून पितात. दौलतरावांनी वर ढेकरही दिला होता.

"भाऊजी, तुम्ही तर आत गेला होता."

"कोण लक्षात ठेवतंय आता?" ते हसले. "आणि फळी लहान आहे हो. काही नावं गाळावीच लागतील. रघूचं राहावं असं मला मनापासून वाटतं."

धमकी देतानाही तोंडात तीळगूळ. तुळसाला त्यांची किळस आली. पण रघूचं नाव लागेल अशी जगात दुसरी जागा नव्हती.

"जाळलेलं पुसता येत नाही," ती म्हणाली. "वर रेझिन ओतलं की चोवीस तासांत त्याचा दगड होतो. मग हे काढ, ते घाल, असं मला सांगायचं नाही."

"तेच तर पाहिजे. आणि माझ्या नावाभोवती थोडी नक्षी करा. तुमच्या मनानं."

"करते."

तिनं आधी त्यांचं नाव जाळलं, ठसठशीत. चौथ्या ओळीत रघूचं काढताना पेन अगदी हळू फिरवलं. मग चप्पल अडकवली आणि नक्षीचं सामान आणायला ती कासाराकडे गेली.

रविवारी फळी झाकूनच लॉबीत आली. कपडा दौलतरावांनी स्वतः ओढला. टाळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या रांगेपासून थांबत गेल्या. काचेसारख्या रेझिनखाली, एकट्या दौलतरावांच्या नावाभोवती, हिरव्या बांगड्यांची महिरप होती.

ऐंशी पार केलेल्या गंगुबाई काठी टेकत फळीपाशी गेल्या. चष्मा वर करून त्यांनी एकेक बांगडी नीट पाहिली.

"दौलत," त्या म्हणाल्या, "तेव्हा गेटवर आम्ही बायकांनी लॉरीत फेकल्या, त्या तुला घट्ट झाल्या असतील. ह्या मापाच्या आहेत ना रे?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. दौलतरावांनीही हसून बघितलं, जमलं नाही. मग ते फळीकडे वळले आणि नखानं रेझिन खरवडू लागले. नख नुसतं घसरत राहिलं.

"कालच दगड झाला, भाऊजी," तुळसा म्हणाली, आणि पदराच्या टोकानं चौथ्या ओळीवरची धूळ पुसू लागली.