रेनातोचे भूकंप

“साडेचार,” रेनातोनं जाहीर केलं. “फार तर चार पॉइंट सात. बसा, उठू नका.”

कुणी उठणारच नव्हतं. चिलीतल्या कोकिंबोत साडेचारच्या भूकंपाला माणसं पावावर अ‍ॅव्होकॅडो लावायचीही थांबत नाहीत. त्याची बायको खिमेना चहा ओतत होती, सासूबाई पाव कापत होत्या. पावाच्या टोपलीला टेकवलेल्या बाळाच्या कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मात्र लेकीची, एलोईसाची खोली गदागदा हलत होती. कठड्याची खाट हलत होती, खिडकी हलत होती, समोरच्या भिंतीवरचा कागदी चंद्र हलत होता. खाटेत गोधडीचा फुगवटा दिसत होता. दहा महिन्यांची पोर बापावर गेली, धरणी हलली तरी झोप मोडत नाही, असं रेनातोला मोठं कौतुक वाटलं.

भूकंपाचा आकडा ही त्याची खासियत. जमीन हलली की घरातले आधी त्याच्याकडे बघत. नंतर वेधशाळेचा आकडा आला की हा जेमतेम दशांशानं चुकलेला असे. या आठवड्यात मात्र वेधशाळेला काय झालं होतं कोण जाणे. रोज स्क्रीनवर खोली हलायची, रेनातो आकडा सांगायचा, गल्लीच्या ग्रुपवर टाकायचा, आणि वेधशाळेच्या पानावर त्याचा पत्ताच नसायचा. “झोपा काढतात लेकाचे,” तो म्हणायचा. घरात दुसऱ्या कुणाला काही जाणवायचं नाही. त्यावरही त्याच्याकडे उत्तर तयार होतं. “तुमच्या अंगात मुरलाय भूकंप.” शेजारच्या ओस्वाल्दोनं तर आमच्याही खिडक्या वाजल्या म्हणून लिहिलं होतं. मग काय, रेनातोची मान आणखीच ताठ.

घर त्यानं जय्यत तयार ठेवलं होतं. कपाटं भिंतीला आवळलेली, टीव्हीला पट्टा. बाळावर नजर ठेवायचा कॅमेरा खाटेच्या उशाशी, वर, लोखंडी दांडीवर बसवलेला, आणि दांडी लांबलचक स्क्रूंनी भिंतीत पक्की. “घर पडेल, पण हा पडायचा नाही,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दांडी ओढून दाखवायचा. सासूबाईंनी दृष्ट लागू नये म्हणून खाटेच्या कठड्याला लाल फीत बांधली होती. ती त्यानं पहिल्याच दिवशी कात्रीनं कापली. “बाळाजवळ दोरी म्हणजे फास, सासूबाई,” असं म्हणून वर चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. सासूबाईंनी फीत पर्समध्ये ठेवली.

“किती म्हणालास?” आता त्यांनी विचारलं.

“साडेचार.”

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली आणि वर छताकडे पाहिलं. “दिवा हलत नाहीये.”

टेबलावर टांगलेला दिवा सरळ लटकत होता. कपातल्या चहावर साधा तरंगही नव्हता. हे बघायला कोकिंबोतलं शेंबडं पोरही चुकत नाही. रेनातो आठवडाभर चुकला होता, कारण तो स्क्रीन बघत होता. घर हलत नव्हतं. खोली हलत नव्हती. कॅमेरा हलत होता. त्याची वायर खाटेमागून खाली प्लगपर्यंत गेली होती, आणि ती त्यानंच सोडली होती. कॅमेऱ्याला सगळी खोली दिसायची, फक्त त्याच्या बरोबर खालचं तेवढं दिसायचं नाही.

खुर्ची पडली ती त्याला ऐकू आली नाही.

खाटेत नुसती गोधडी होती. एलोईसा उशाशी, कॅमेऱ्याखाली उभी होती. उभं राहायला ती कधी शिकली, हे त्या कॅमेऱ्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. कठड्याच्या फटीतून तिनं वायर आत ओढून घेतली होती. एक वेढा मानेभोवती होता आणि दोन्ही हातांनी ती मोठ्या मजेत ओढत होती. बापाला बघून ती हसली, आणि रोजच्यासारखी धपकन बसायला तिचे गुडघे वाकले.

त्यानं तिला वरच्यावर झेललं. एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं त्यानं वेढा सोडवला, पण त्याआधी वायर दोनदा निसटली. वर कॅमेरा अजून डुलत होता, पण दांडी भिंतीतून सुटली नव्हती. स्क्रू पक्के होते. काम उत्तम केलं होतं त्यानं.

तो तिथंच जमिनीवर बसला. धावत आलेल्या खिमेनानं पोरीची मान चाचपून पाहिली, काही नव्हतं, मग ती रडायला लागली. आठवडाभराचे सगळे भूकंप पोरीच्या या दोन हातांचे होते. आणि त्यानं बसल्या जागी, चहा पीत, प्रत्येकाला आकडा दिला होता.

सासूबाई दारात उभ्या होत्या.

“चार बोटांची फीत तेवढी दिसली तुला, जावईबापू,” त्या म्हणाल्या.

कॅमेरा उतरवायला रेनातोला बराच वेळ लागला. मग तिघं परत टेबलाशी येऊन बसले. चहा गार झाला होता. एलोईसा त्याच्या छातीवर झोपून गेली, आणि ती जड पडल्यावरही त्यानं तिला खाली ठेवलं नाही.

तेवढ्यात कपाटातले पेले किणकिणले. टेबल थरथरलं. दिवा हळूहळू झुलायला लागला. सवयीनं खिमेनानं त्याच्याकडे पाहिलं, सासूबाईंनीही पाहिलं. आकडा हवा होता.

रेनातोनं आधी एलोईसाच्या दोन्ही मुठी उघडून बघितल्या. रिकाम्या होत्या.

“हा खरा आहे,” तो म्हणाला.