विसातले वीस

मनकर्णामावशी सोळा वर्षांपासून अकोल्याच्या एका दवाखान्यात झाडूपोछा करत होती. कर्मचाऱ्यांना आरोग्याचं किती कळतं याचं सर्वेक्षण होणार म्हटल्यावर आकांक्षा सिस्टरनं चहाच्या सुट्टीत तिला जवळ बसवून आठवडाभर उत्तरं घोकून घेतली.

“कचरा उचलताना हातात काय पाह्यजे, मावशी?”

“जाड रबरी हातमोजे. पन सिस्टर, तसे हातमोजे तं मी अजून डोयानंही पायले नाई.”

“ते नोका सांगू. आपल्या दवाखान्याच्या इज्जतीचा सवाल हाय. माह्यासाठी येवढं करा.”

मावशीनं केलं. विसातले वीस मिळाले, उत्तरांच्या कागदावर तिचा अंगठा उठला. सिस्टरनं सगळ्यांदेखत तिला पेढा भरवला, ते तिनं घरी दोनदा सांगितलं.

चार महिन्यांनी कचऱ्याच्या पिशवीतली वापरलेली सुई तिच्या उघड्या बोटात घुसली. पुढं रक्तात कावीळ निघाली. उपचार दवाखान्यानं करावा म्हणून ती साहेबांपुढं उभी राहिली.

“हातमोजे का घातले नव्हते?” साहेबांनी विचारलं.

“कोनं देलेच नाई, साहेब. इचारा ना आमच्या सिस्टरले,” मावशी म्हणाली आणि बाजूला फाईल घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरकडे मोठ्या हक्कानं वळली.

सिस्टरनं फायलीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. मावशीकडे न बघता त्यावरच्या तिच्या अंगठ्याच्या ठशावर बोट टेकवलं.

“ह्या बाईंना सगळं माहीत होतं, सर.”