कानसेन

सकाळपासून चौथ्यांदा कागद तुटला. फाट्कन आवाज झाला, पांढरा पट्टा हवेत उसळला आणि मशीन धापा टाकत थांबलं. साहेबांनी घड्याळात पाहिलं.

"मॅडम, चार वाजेपर्यंत सांगा. दोष मशीनमध्ये असेल तर तुमची कंपनी दुरुस्त करील. नसेल तर दोष माणसात. मग उद्यापासून ब्रेकवर दुसरा माणूस."

मॅडम म्हणजे कागदाचा ताण सांभाळणाऱ्या यंत्रणेची तंत्रज्ञ. आणि ब्रेकवरचा माणूस म्हणजे तिचे बाबा. साहेबांना हे ठाऊक होतं, तरी ते बोलले, तेही बाबांच्या देखत. बाबांनी मानसुद्धा वर केली नाही. उकिडवे बसून ते फाटका कागद गोळा करत राहिले.

तिच्याशी तर ते आठ महिने बोललेच नव्हते.

भांडणाचं मूळ हेच मशीन. काम तसं साधं. माणसाच्या छातीएवढं कागदाचं रीळ उलगडायचं, आणि ते भसाभसा सुटू नये म्हणून ब्रेकने आवरून धरायचं. गोम एवढीच, की रीळ लहान होत गेलं की तोच ब्रेक कागदाला जास्त ओढतो. कागद ताणतो, बारीक सूर धरतो आणि तुटतो. तो सूर ऐकून बाबा ब्रेकचं चाक केसभर सैल करायचे. सगळे त्यांना कानसेन म्हणत. बाकीचे लोक कानांत बोळे घालून काम करत. बाबांनी तीस वर्षांत एकदाही घातले नाहीत. बोळे घातल्यावर कागद काय म्हणतोय ते कळणार कसं?

मग तिच्या कंपनीने एक पेटी बसवली. ती ताण स्वतःच मोजायची आणि ब्रेक स्वतःच सैल करायची. बाबांनी त्या पेटीचा स्विच 'हात'वरून 'आपोआप'वर कधी नेला नाही. त्यांचा कागद तुटत नव्हता, त्यामुळे त्यांना हटकलंही कोणी नाही. एकदा जेवताना ती बोलून गेली, "बाबा, तुमच्या कानांचा जमाना गेला आता."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही. रात्रभर तिचं मन तिला खात राहिलं. सकाळी ती निघाली तेव्हा बाबा पाठमोरे बसून सायकलची साखळी चढवत होते. दारातून ती म्हणाली, "बाबा, चुकलं माझं. रागावू नका ना." बाबा वळलेसुद्धा नाहीत. त्यानंतर तिचा फोन आला की ते सरळ आईच्या हातात द्यायचे. आई म्हणायची, "अगं, माझ्याशी तरी कुठे धड बोलतात हल्ली! विचारावं एक, तर उत्तर भलतंच."

तिने सगळं तपासलं. ब्रेकच्या पट्ट्या, वरखाली झुलणारा रूळ, केबल, ताण दाखवणारा काटा. सगळं खणखणीत. आपल्याच कंपनीच्या मालात खोट सापडावी म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदाच देव पाण्यात घालून बसली होती. राहिला फक्त तो स्विच. त्याला हात लावायचा म्हणजे जेवताना बोललेलं तेच आता चारचौघांत बोलायचं. तिने तो तसाच ठेवला.

पावणेचार वाजले. तिने हात गोल फिरवून खूण केली, चालू करा. या शेडमध्ये बोलतंय कोण? सगळा कारभार खुणांचा. कागद पळायला लागला. बाबा चाकावर तळवा ठेवून, डोळे वटारून कागदाकडे बघत उभे राहिले. ती त्यांच्या मागे दोन हातांवर. रीळ अर्धं झालं, पाव झालं. तिने कानांतले बोळे काढले.

आणि तिला तो सूर ऐकू आला. बारीक, चिरका. तिने बाबांच्या हाताकडे पाहिलं. हात हलला नाही. सूर चढत गेला.

"बाबा, सैल करा!" ती ओरडली.

तीच पाठ. तीच न वळणारी मान. ती संतापली. केवढा हा हट्ट! अहो, राग माझ्यावर ना? मग कागदावर कशाला काढता?

पण कागदावर बाबांनी राग काढल्याचं तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

तिने धावत जाऊन स्विच 'आपोआप'वर फिरवला. सूर हळूहळू उतरला. रीळ शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडलं आणि आत नुसता पुठ्ठ्याचा नळा उरला. कागद तुटला नाही.

साहेब आले. "काय निघालं?"

"यंत्रणा बंद होती, चालू केली. आता ऐकत बसायला नको, काट्यावर नजर ठेवली की झालं. आणि बाबांसारखी नजर तुम्हाला दुसरीकडे मिळायची नाही."

साहेबांनी रिकामा नळा निरखला, मान डोलावली आणि ते गेले.

ती वळसा घालून बाबांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. ओठ स्पष्ट हलवत तिने विचारलं, "कधीपासून?"

बाबांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "वर्ष झालं असेल. आधी माणसांचं बोलणं गेलं. कागद तेवढा ऐकू यायचा, या महिन्यात तोही गेला. कोणाला सांगू नकोस गं. कानसेन म्हणतात मला."

तिचे डोळे भरून आले. एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "त्या दिवशी, दारात, मी तुमची माफी मागितली होती, बाबा."

बाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"बोलली होतीस तू?" ते म्हणाले. "मी वळून पाहिलं तर दार रिकामं. आठ महिने तेच मनाला लावून बसलोय, पोरगी एक शब्द न बोलता निघून गेली."