लाल टोपलीतली टिल्डा

“ढकलू नका रे! आधी मासे पाण्यात, मग तुम्ही!” कॅल्डरबाई ओढ्याच्या काठावरून ओरडल्या.

पहिलीचा अख्खा वर्ग गमबूट घालून चिखलात उभा होता. हिवाळाभर वर्गातल्या टाकीत अंड्यांपासून वाढवलेली सॅमनची पिल्लं आज समुद्राच्या वाटेला लागणार होती. प्रत्येकासाठी एक कागदी पेला, पेल्यात बोटाएवढं पिल्लू आणि पेल्यावर पोरांनीच ठेवलेलं नाव. पेले वाटायचं काम टिल्डाकडे होतं. ‘ॲडमिरल बटाटा’ जूनोचा, ‘मिसेस बुडबुड’ डेक्लनचा. एकही चुकला नाही.

काय स्मरणशक्ती आहे पोरीची, असं बाईंच्या मनात आलं आणि लागलीच जीव खालीवर झाला.

कारण बाकी वर्ग म्हणजे सोनं निघालं होतं यंदा. खिडकीतल्या कुंड्यांत घेवडा फुलला होता. घड्याळ सगळ्यांना येत होतं, त्यामुळे मधली सुट्टी जरा लांबली तर काही बिघडत नव्हतं, पण उशिरा झालेली कुणी खपवून घेत नव्हतं. सप्टेंबरात जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, ती जूनो आता भिंतीवरच्या पाट्या वाचून मोठ्या माणसांना दटावायची. बाईंना आपल्या पोरांचं कौतुक किती करू नि किती नको असं होऊन जायचं.

वाचनाच्या टोपल्या चार रंगांच्या होत्या. लाल, मग पिवळी, मग निळी, मग हिरवी. ज्याची जी टोपली, तिच्यातलंच पुस्तक त्यानं रोज घरी न्यायचं. पोरं भराभर पुढे सरकली. लाल टोपलीपाशी उरली एकटी टिल्डा.

जुनं पुस्तक दिलं की ती धडाधड म्हणून दाखवायची. नवं पिवळं पान समोर आलं की दुसऱ्याच शब्दाला गाडी अडायची. बाईंनी निदान करून टाकलं होतं की ही वाचत नाही, पाठ करते.

ओढ्यावरून सगळे वर्गात परतले. आईबाप, आजी-आजोबा गरम चॉकलेट पीत घेवड्याचं कौतुक करू लागले. टिल्डाला घरी आजोबाच तेवढे. ऐनार त्यांचं नाव. आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलेलं, पंजे वल्ह्याएवढे, आणि त्या पंजांत टोपी चुरगाळत म्हातारा वर्गातल्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसला होता.

बाई त्यांच्या शेजारी टेकल्या. “ऐनार, घरी वाचते का हो ती?”

“वाचते म्हणजे! रोज जेवण झालं की टेबलावर पुस्तक हजर. एकेक पुस्तक चार-चारदा. मी म्हणतो ‘पुन्हा’, की ही पुन्हा पहिल्यापासून. कधी कुरकुर नाही.”

“तिथंच गडबड होतेय. सगळं पाठ होऊन जातं.”

“पाठ तर माझंही झालंय!” म्हातारा खो खो हसला. मग एकदम गंभीर झाला. “पोरगी हुशार आहे हो, बाई. माझ्यासारखी नाही.”

सगळ्या मुलांनी घरच्यांसाठी कार्डं लिहिली होती आणि आईबाप ती मोठ्यानं वाचून डोळे टिपत होते. ऐनारनी आपलं कार्ड अलगद कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. “हे घरी. निवांत.”

किती जीव आहे या माणसाचा नातीवर, बाईंना वाटलं. आणि अशा माणसाला आपण काय ऐकवणार आहोत!

सगळे पांगल्यावर, आजोबांना बाहेर थांबवून बाईंनी टिल्डाला जवळ बोलावलं आणि पिवळं पुस्तक पुढे ठेवलं.

“राणी, ही शेवटची वेळ. हे जमलं नाही, तर जूनो आणि सगळे दुसरीत जातील आणि तू इथंच राहशील. समजतंय ना?”

जूनोवाचून टिल्डाला डबासुद्धा गोड लागत नसे.

“बाई, पिवळ्यात गेलं की लाल पुस्तकं घरी नेता येतात?”

“छे गं, मग ती कशाला? ती नव्या मुलांना.”

“आणि इथंच राहिलं तर?”

“तर मिळतील लालच. पण आपल्याला ते नकोय ना? चल, वाच बघू.”

टिल्डानं एकदा लाल टोपलीकडे पाहिलं. मग तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि दुसऱ्यावर अडखळली. तिसरा सोडला. चौथा भलताच म्हटला. बाईंनी पुस्तक मिटलं. इतक्या गुणी पोरीला आपण साधं वाचायला शिकवू शकलो नाही, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. त्यांनी कागद ओढला आणि मुख्याध्यापकांना द्यायच्या चार ओळी खरडल्या. लिहिता लिहिता डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी तोंड फिरवून रुमाल शोधला.

“‘टिल्डा मनापासून कष्ट करते,’” मागून आवाज आला.

बाई गर्रकन वळल्या. टेबलाच्या पलीकडे उभी राहून, उलट्या बाजूनं, टिल्डा त्यांचं गिचमिड अक्षर वाचत होती. बोट नाही, अडखळणं नाही. “‘तरीही मोठ्या नाइलाजानं मी शिफारस करते की तिनं आणखी एक वर्ष पहिलीतच राहावं.’”

मग ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“रडू नका ना, बाई. आजोबांना लाल पुस्तकं जमायला लागली की आम्ही दोघं मिळून पिवळ्यात येऊ.”